जपानी परिमाणशब्द आणि आपली 'संख्याविशेषणे'

जपानी कथांच्या मराठी अनुवादावर भरलेल्या एका चर्चासत्रात मध्यंतरी एक विधान ऐकावयास मिळाले : 'जपानीत संख्याविशेषण वाक्यात कोठेही ठेवता येते, मराठीत ते नामापूर्वी आणावे, म्हणजे झाले.' वक्ते जपानी जाणणारे होते, श्रोत्यांत जपानी शिकविणारेही होते. कोणी हरकत घेतली नाही. परंतु ज्यावर हरकत घेऊ नये इतके हे विधान निरुपद्रवी नाही. त्याच्या पूर्वार्धात दोन चुका आहेत, आणि उत्तरार्धात त्या चुकांतून निपजलेला अनुवादाचा एक नियम आहे. जपानी परिमाणशब्द हे विशेषण नव्हे. ते कोठेही ठेवता येत नाही. आणि जेथे ते ठेवले जाते त्या जागेला अर्थ असल्यामुळे, सरसकट उचलून नामापूर्वी ठेवणे हा अनुवाद नसून मजकुराची मोडतोड होय.

प्रथम सामग्री पाहू. जपानीत 'सान' म्हणजे तीन; पण माणसे, पुस्तके, पेन्सिली मोजताना नुसता 'सान' चालत नाही. त्याला मोजल्या जाणाऱ्या वस्तूच्या प्रकाराप्रमाणे एक प्रत्यय जोडावा लागतो : माणसांसाठी 'सान्निन', बांधीव पुस्तकांसाठी 'सान्सात्सु', लांबट वस्तूंसाठी 'सान्बोन'. जपानी वैयाकरण या प्रत्ययांना 'जोसूशि', म्हणजे संख्येचे साहाय्यक, म्हणतात; आपण त्यांना गणक म्हणू. गणक एकटा वाक्यात येऊ शकत नाही, संख्याही एकटी क्वचितच येते. दोहोंचा मिळून जो शब्द होतो तो परिमाणशब्द. 'ताकुसान' (पुष्कळ), 'सुकोशि' (थोडे), 'झेन्बु' (सगळे) हे गणकाविना येणारे शब्दही बऱ्याच अंशी याच गोतातले. आता 'तीन विद्यार्थी आले' ही गोष्ट जपानीत निदान तीन तऱ्हांनी सांगता येते. 'सान्निन नो गाकुसेइ गा किता' यात परिमाणशब्द नामापूर्वी आहे आणि त्याला संबंधवाचक 'नो' हा निपात लागला आहे. 'गाकुसेइ सान्निन गा किता' यात तो नामानंतर, पण कर्तृत्वदर्शक 'गा' च्या आधी आहे. 'गाकुसेइ गा सान्निन किता' यात तो 'गा' च्याही पलीकडे, क्रियापदाला लगटून, कोणत्याही निपाताशिवाय उभा आहे. हीच ती 'कोठेही ठेवता येते' या समजुतीची जन्मकथा.

विशेषणाचा दावा आधी निकालात काढू. जपानीत विशेषण कशाला म्हणावे यात संदिग्धता थोडी आहे. 'अकाइ' (तांबडा) हा शब्द नामाला थेट लागतो : 'अकाइ होन', तांबडे पुस्तक. तो क्रियापदासारखा विकार पावतो : 'अकाकात्ता', तांबडे होते. दुसरा एक वर्ग 'शिझुका' (शांत) यासारख्या शब्दांचा. तो नामापूर्वी 'ना' घेतो. हा वर्ग स्वतंत्र मानावा की नाही यावर जपानात वाद आहे, आणि तोकिएदा मोतोकी यांच्यासारख्या मातब्बराने तो अमान्यच केला होता. पण या दोन्ही वर्गांत 'सान्निन' बसत नाही. तो 'अकाइ' प्रमाणे विकार पावत नाही, 'शिझुका' प्रमाणे 'ना' घेत नाही. तो 'नो' घेतो, आणि 'नो' घेणे हे नामाचे लक्षण आहे. 'निहोन नो होन' म्हणजे जपानचे पुस्तक. मराठीचा 'चा' नामालाच लागतो, तसेच हे. शिवाय 'सान्निन गा किता' (तिघे आले), 'सान्निन ओ योन्दा' (तिघांना बोलावले) अशी सर्व कारकचिन्हे तो बिनदिक्कत धारण करतो.

येथे आपल्याकडील पंडित एक पळवाट काढतील. 'मराठीतही तिघींना बोलाव असे आपण म्हणतो. तेथे विशेषणाचा नामासारखा उपयोग झाला आहे, एवढेच.' मराठीपुरती ही वाट खुली आहे, कारण आपले कोणतेही विशेषण अशा रीतीने वापरता येते : चांगल्यांना, थोरांनी, तांबड्याला. जपानीत ती बंद आहे. 'अकाइ गा' असे म्हणता येत नाही. 'तांबडे हवे' म्हणावयाचे तर 'अकाइ नो गा' असा आधार मध्ये घालावा लागतो. ज्या भाषेत विशेषणाला नामासारखे वापरताच येत नाही, त्या भाषेत 'सान्निन' हे नामासारखे वापरलेले विशेषण आहे असे म्हणणे म्हणजे लक्षण नसताना रोग सांगणे होय.

याहून बोलका दाखला 'ओओइ' या शब्दाचा. अर्थ 'पुष्कळ असलेला'. रूपाने अगदी 'अकाइ' सारखे निखळ विशेषण, 'ओओकात्ता' असा विकारही पावणारे. 'हितो गा ओओइ', माणसे पुष्कळ आहेत, हे ठीक. पण 'पुष्कळ माणसे' या अर्थाने 'ओओइ हितो' असे जपानी मनुष्य म्हणत नाही. तो 'ओओकु नो हितो' म्हणतो. म्हणजे विशेषणाचे एक रूप नाम म्हणून गोठवून त्याला 'नो' लावतो. जन्माने विशेषण असलेला शब्दसुद्धा परिमाण सांगण्यासाठी नामापूर्वी यायचे झाल्यास नाम होऊन येतो! ज्यांना परिमाण म्हणजे विशेषण हे समीकरण स्वयंसिद्ध वाटते, त्यांनी या एका शब्दापुढे थोडे थांबावे.

मग हे समीकरण आले कोठून? अनुवादातून. जपानी वाक्याचे मराठी केले, मराठीत 'तीन' हे संख्याविशेषण, म्हणून 'सान्निन' हेही संख्याविशेषण. जपानी शब्दाची जात मराठी प्रतिशब्दाच्या जातीवरून ठरविणे म्हणजे आरशातील प्रतिमेचा जन्मदाखला मूळ माणसाला देणे. आणि तो मराठी दाखला तरी कितपत अस्सल? दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ग्रंथापर्यंत जी आठ शब्दजातींची चौकट आपल्याकडे रुळली, ती मुख्यतः इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची. संस्कृत परंपरेची दृष्टी निराळी होती. पाणिनीने 'संख्या' ही पारिभाषिक संज्ञा पहिल्याच अध्यायात बांधली आणि तीत बहु, गण, तावत्, कति यांसारख्या शब्दांनाही सामावून घेतले. का? त्या सर्वांना काही प्रत्यय सारखेच लागतात म्हणून : पञ्चधा तसे बहुधा, पञ्चकृत्वः तसे बहुकृत्वः. वर्ग ठरला तो शब्दाच्या वागणुकीवरून. त्याचा अर्थ किंवा परभाषेतील प्रतिशब्द यांचा तेथे संबंध नाही. शिवाय एक ते एकोणीस या संख्या संस्कृतात विशेषणासारख्या, पण विंशति, शत ही नामे. 'विंशतिः बालकाः' म्हणा की 'बालकानां विंशतिः' म्हणा, 'विंशति' एकवचनी स्त्रीलिंगी नामच राहते. मोजणारा शब्द नाम असू शकतो, आणि तरीही मोजलेल्या वस्तूच्या समानाधिकरणात उभा राहू शकतो, ही गोष्ट संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला नवी वाटू नये. 'गाकुसेइ सान्निन' यापेक्षा फार वेगळे काय आहे?

या संदर्भात गोव्याची आठवण अप्रस्तुत ठरणार नाही. जपानला गेलेले जेझुइटांचे मुद्रणयंत्र गोव्यामार्गे गेले. युरोपहून परतणाऱ्या जपानी दूतमंडळातील मार्टिन हारा या तरुणाचे लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. १५९० मध्ये यंत्र जपानात पोहोचले. त्याच मिशनमधील जुआंव रॉड्रिग्ज याने नागासाकी येथे १६०४ ते १६०८ या काळात जपानी भाषेचे पहिले मोठे व्याकरण छापविले. फादर स्टीफन्सचे कोकणी व्याकरण याच घराण्यातले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. दोघांच्याही हाती लॅटिनचाच साचा होता. तरीही रॉड्रिग्जने जपानी विशेषणे क्रियापदासारखी चालतात हे ओळखून त्यांना 'विशेषण-क्रियापदे' म्हटले, आणि मोजण्याच्या पद्धतीचे, कोणती वस्तू कोणत्या शब्दाने मोजावी याचे, स्वतंत्र व विस्तृत विवरण केले. चारशे वर्षांपूर्वीच्या मिशनऱ्याला साच्याबाहेर जे दिसले ते आज आपल्याला साच्याच्या आत बसवावेसे वाटते, याचे नवल करावे तेवढे थोडे.

विशेषणवाद्यांचा पाडाव झाला की क्रियाविशेषणवादी पुढे येतात. त्यांचा पक्ष अधिक बळकट आहे, हे मान्य केले पाहिजे. 'गाकुसेइ गा सान्निन किता' यात 'सान्निन' निपाताविना क्रियापदाजवळ आहे, 'युक्कुरि' (सावकाश) असावा तसा. मग ते क्रियाविशेषण का नव्हे? शब्दकोशही कधी कधी त्यांना साथ देतात. 'ताकुसान' सारख्या शब्दापुढे एकाहून अधिक शब्दजातींची नावे छापलेली आढळतात. परंतु निपाताविना क्रियापदाजवळ येणे हे क्रियाविशेषणाचे व्यवच्छेदक लक्षण मानले तर 'किनोओ' (काल) हाही शब्द क्रियाविशेषणच ठरेल. तो तसा नाही : 'किनोओ नो शिम्बुन' म्हणजे कालचे वर्तमानपत्र. येथे कार्य आणि जात यांची गल्लत होते. शब्दजात ही शब्दाची. क्रियाविशेषणत्व हे त्या वाक्यापुरते काम. एखाद्या अध्यापकाने निवडणुकीत मतपत्रिका मोजल्या म्हणून तो कारकून होत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. खरे क्रियाविशेषण क्रियेला चिकटते. त्याला कर्ता कोण, कर्म कोण याची फारशी फिकीर नसते. परिमाणशब्दाला असते. 'गाकुसेइ गा साके ओ सान्निन नोन्दा', म्हणजे 'विद्यार्थी साके तिघे प्याले', हे वाक्य खटकते असे एस. वाय. कुरोदा आदी अभ्यासकांनी नोंदविले आहे. कर्ता आणि त्याचे परिमाण यांच्यामध्ये कर्म घुसले की दुवा तुटतो. उलट 'साके ओ गाकुसेइ गा सान्बोन नोन्दा', साके विद्यार्थ्यांनी तीन बाटल्या प्याली, हे चालते. कर्म मूळ जागेवरून पुढे आणलेले असल्यामुळे त्याची अदृश्य खूण परिमाणशब्दाजवळ मागे उरते, असे स्पष्टीकरण शिगेरु मियागावा यांनी १९८९ च्या ग्रंथात दिले. पुढील अभ्यासकांनी याला अपवाद दाखविले. संदर्भ आणि आघात अनुकूल असतील तर खटकणारे वाक्यही स्वीकारले जाते. तो वाद चालू राहो. त्यापूर्वी १९७७ मध्ये मासायोशी शिबातानी यांनी याच रचनेच्या आधारे व्याकरणिक संबंध आणि वरवरची कारकचिन्हे यांचा जो प्रश्न उपस्थित केला, तोही येथे महत्त्वाचा. 'गा' आणि 'ओ' घेतलेल्या नामांशी परिमाणशब्द दुरून नाते राखतो. 'कारा' (पासून) घेतलेल्या नामाशी राखू शकत नाही. 'सान्निन नो गाकुसेइ कारा तेगामि ओ मोरात्ता', तीन विद्यार्थ्यांकडून पत्र मिळाले, हे चांगले. 'गाकुसेइ कारा सान्निन' असे म्हणून तो अर्थ साधत नाही. म्हणजे 'कोठेही' हा शब्द खोटा ठरला, आणि 'क्रियाविशेषण' हाही.

हा दुवा कोण सांभाळतो? गणक. 'निन' ऐकताच श्रोता वाक्यात मागे जाऊन माणूस शोधतो, 'सात्सु' ऐकताच पुस्तक. मराठीत 'मुली तिघी आल्या' म्हणताना 'तिघी' चे स्त्रीलिंग जे काम करते, तेच काम तेथे गणक करतो. गणकांवर भाळून 'जपानी मन वस्तूचा आकार आधी पाहते' असली सौंदर्यशास्त्रीय विधाने करणाऱ्यांना हे नीरस वाटेल. ससा पक्ष्यांच्या 'वा' या गणकाने का मोजतात याच्या कथा ते चवीने सांगतात. कथा पुष्कळ, पुरावा थोडा. 'होन' हा गणक पेन्सिल, झाड, बाटली यांना लागतो तसा चित्रपटाला आणि दूरध्वनीवरील संभाषणालाही लागतो. दूरध्वनीवरील संभाषण कोणत्या मनाला लांबट दिसते? कोशांत गणक शेकड्यांनी असले तरी नित्याच्या व्यवहारात थोडेच वापरले जातात. गणक हे मुख्यतः व्याकरणाचे साधन आहे. आपण स्त्रीलिंगी 'खुर्ची' म्हणताना खुर्चीत स्त्री पाहतो काय?

आता ज्यांनी या रचनेला 'तरंगते परिमाण' असे नाव दिले त्या आधुनिकांविषयी. त्यांच्या विश्लेषणाचे ऋण वर मान्य केलेच आहे. पण 'तरंगणे' या रूपकात एक पूर्वग्रह दडलेला आहे : परिमाणशब्दाचे घर नामापूर्वी आहे, आणि तो तेथून सुटून वाहत गेला आहे. तसे असते तर दोन्ही रचनांचा अर्थ एकच असावयास हवा होता. तो नाही. 'किनोओ कात्ता सान्बोन नो एन्पित्सु ओ ओत्ता' म्हणजे काल घेतलेल्या तीन पेन्सिली मोडल्या. घेतल्या होत्या तीनच. 'किनोओ कात्ता एन्पित्सु ओ सान्बोन ओत्ता' म्हणजे काल घेतलेल्या पेन्सिलींपैकी तीन मोडल्या; घेतल्या किती होत्या ते वाक्य सांगत नाही. मोजमापाच्या शब्दांत हा भेद आणखी उघड होतो, आणि येथे मराठी जपानीच्या अगदी शेजारी बसते. 'तीन किलोचा फणस' आणि 'तीन किलो फणस' यांत फरक आहे हे मंडईत जाणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पहिल्यात वजन हा त्या एका फणसाचा गुण, दुसऱ्यात घेतलेल्या मालाचे माप. जपानीतही 'नो' लावून नामापूर्वी आणले की असा गुण सांगता येतो. 'ओ' नंतर, क्रियापदाजवळ ठेवले की माप. एक घर आणि एक परगाव असा प्रकार नसून ही दोन स्वतंत्र घरे आहेत.

जपानी वैयाकरणांनी काय केले? यामादा योशिओ यांनी १९०८ च्या आपल्या व्याकरणात अविकारी स्वतंत्र शब्दांचे, म्हणजे 'ताइगेन' चे, तीन भाग केले : नाम, सर्वनाम आणि 'सूशि', संख्याशब्द. हाशिमोतो शिंकिची यांच्या विचारांवर उभ्या असलेल्या शालेय व्याकरणात दहा शब्दजाती आहेत; संख्याशब्द तेथे नामाच्या पोटात गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते यामादांचा मार्ग अधिक डोळस. शालेय व्याकरण 'नाम' म्हणते ते खरे, पण म्हणून गप्प बसते. आणि 'निपाताविना येऊनही एका विशिष्ट नामाशी बांधलेले राहणे' हे जे या शब्दांचे खास लक्षण, त्याला नाव उरत नाही. मराठीत त्यांना 'संख्यानाम' म्हणावे. नामाचा उपवर्ग, पण स्वतःचा कायदा असलेला. 'ताकुसान' सारखे काही शब्द या वर्गाच्या कडेवर राहतील. राहू द्यावेत. कडेवरच्या शब्दांसाठी मधला मुलूख परक्याच्या नावे लिहून देण्याचे कारण नाही.

हे सर्व व्याकरणाच्या वर्गात ठीक, समीक्षेला त्याचे काय, असे विचारले जाईल. त्या चर्चासत्रात चहाच्या वेळी ते विचारलेही गेले. त्याचे उत्तर ज्या कथेचा अनुवाद तेथे वाचला गेला तिच्यातच आहे. अकुतागावाची 'राशोमोन' (१९१५) प्रसिद्ध आहे. आरंभीच पडक्या द्वाराखाली पाऊस थांबण्याची वाट पाहणारा नोकर येतो, आणि तो येतो 'हितोरि नो' या योजनेने : परिमाणशब्द नामापूर्वी, 'नो' सह. लगेच पुढे कळते की या माणसाखेरीज तेथे कोणीही नाही. फक्त रंग उडालेल्या खांबावर एक किडा आहे; त्याला रातकिडा म्हणा की नाकतोडा. त्या किड्याचे परिमाण, 'इप्पिकि', 'गा' च्या पलीकडे, बसण्याच्या क्रियापदाजवळ आहे. एकाच पानावर दोन 'एक', दोन निरनिराळ्या घरांत. माणसाचा 'एक' नामपदाच्या आत आहे. ज्याच्याविषयी कथा सांगावयाची ती आकृती तो आखून देतो. किड्याचा 'एक' बसण्याला लागून आहे. त्या रिकाम्या द्वारात जिवंत अस्तित्व किती उरले, त्याची ती मोजदाद आहे. एवढ्यावरून कथेचे रहस्य उलगडते असा दावा नाही. पण लेखकाने ठेवलेला हा फरक अनुवादकाने पुसू नये, इतके तरी मागता येते.

अनुवादात काय होते? 'एक नोकर', 'एक रातकिडा'. दोन्ही संख्याविशेषणे, दोन्ही नामापूर्वी. नियम पाळला गेला. आणि मराठीला दुसरे काही साधत नव्हते असे मुळीच नाही. 'एक राजा होता' आणि 'एक होता राजा' यांतला फरक आपल्या आज्यांना ठाऊक होता. 'चार आंबे दे' आणि 'आंबे चार दे' यांतलाही. 'द्वाराखाली एक नोकर थांबला होता' असे म्हणून, पुढे 'खांबावर रातकिडा तेवढा एक बसला होता' असे लिहिता आले असते. मराठी वळणाला त्याने जराही बाध आला नसता. ते सुचले नाही, कारण 'संख्याविशेषण' हे नाव आधीच कानात होते, आणि विशेषणाची जागा नामापूर्वी असते हे शाळेत पाठ झाले होते.

काही परिच्छेदांनंतर तो किडा कोठेतरी निघून गेल्याचे अकुतागावा सांगतो. चर्चासत्रात वाचल्या गेलेल्या अनुवादात तेथे 'तो एक रातकिडाही' असे होते. जपानी वाक्यात त्या जागी परिमाणशब्द नाही.